गॅरेजनं काम बिघडवलं तर: दुसऱ्या मेकॅनिककडे जाण्याआधी काय काय करायचं

गाडी गॅरेजमधून घरी येते आणि दोन दिवसांत लक्षात येतं की काम धड झालेलं नाही. क्लच नवा टाकूनही पहिल्या गिअरला गाडी थरथरते, पार्किंगच्या फरशीवर तेलाचे थेंब दिसतात, नाहीतर रंगवलेला दरवाजा उन्हात वेगळाच दिसतो. मग बहुतेक जण रागाच्या भरात गाडी थेट दुसऱ्या मेकॅनिककडे नेतात. तो गाडी उघडतो, "काय काम केलंय हे!" म्हणतो आणि दुरुस्त करून देतो. त्यानंतर पहिल्या गॅरेजशी भांडण सुरू होतं, पण तोवर भांडायला हातात काहीच उरलेलं नसतं. चुकीचा बसलेला सील कचऱ्यात गेलेला असतो, सैल सोडलेले बोल्ट आवळलेले असतात. गॅरेजवाला शांतपणे सांगतो, "आमच्याकडून गेल्यावर गाडी बाहेर उघडली, आता आमची जबाबदारी नाही." त्याच्या या म्हणण्याला पुढे ग्राहक आयोगातही वजन मिळतं, कारण दोष सिद्ध करायचं ओझं तक्रार करणाऱ्यावर असतं.

पुरावा गाडीतच असतो, आणि गाडी आहे तशी असेपर्यंतच असतो. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीवरून ठरतो.

आधी ठरवा: गाडी चालवायची की नाही

ब्रेक, स्टिअरिंग, चाकं आणि इंधनाची गळती या चार बाबतींत गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. ब्रेकचं काम झाल्यावर पेडल स्पंजासारखं खाली जात असेल, तर लाइनमध्ये हवा राहिलेली असण्याची दाट शक्यता असते. चाक काढून बसवल्यावर ठराविक वेगाला खडखड येत असेल, तर नट सैल असू शकतात. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरूच करू नका. गॅरेजला फोन करा, गाडी न्यायला टो व्हॅन पाठवा असं सांगा आणि तेच लगेच व्हॉट्सॲपवर लिहूनही टाका. त्यांनी नकार दिला तर टो व्हॅन तुम्ही बोलवा आणि तिची पावती जपून ठेवा. हा खर्च पुढे मागता येतो.

तापमानाचा काटा वर जात असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तरी हेच करायचं. तशीच गाडी दामटून इंजिन बसलं, तर "तुम्ही चालवत राहिलात म्हणून नुकसान वाढलं" असं गॅरेज म्हणेल, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही असेल.

नवीन तक्रारीचा केलेल्या कामाशी संबंध लावा

"तुमच्याकडे गाडी दिल्यापासून सगळंच बिघडलंय" या वाक्यानं कोणतंही गॅरेज हलत नाही. कामासाठी काय काय उघडावं लागलं हे माहीत असेल, तर मात्र बोलणं एकदम बदलतं.

क्लचचंच घ्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतात. अशा गाडीत क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. त्यासाठी गिअर ऑइल काढतात, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांना फिरवणारे दांडे) ओढून बाहेर काढतात, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवतात, इंजिनाचा एखादा माउंट उघडतात आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरी व तिचा ट्रेही काढतात. त्यामुळे क्लचच्या कामानंतर ड्राइव्हशाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथून तेल गळायला लागलं, गिअर बदलताना इंजिन धडकल्यासारखा आवाज आला, खड्ड्यात पुढून खट्‌खट्‌ ऐकू आली, एबीएसचा दिवा लागला किंवा रिव्हर्सचा दिवा बंद पडला, तर यातली प्रत्येक गोष्ट त्याच कामाशी जोडता येते. शाफ्ट परत घालताना सीलची कड दुमडली, माउंटचा बोल्ट पूर्ण आवळला नाही, कनेक्टर लावायचा राहिला, अशी साधी कारणं यामागे असतात. उलट क्लच बदलल्यावर आठवड्यानं एसी थंड करेनासा झाला, तर तो दोष गॅरेजच्या माथी मारणं अवघड आहे. अशी तक्रार यादीत घातली की बाकीच्या खऱ्या तक्रारींचंही वजन कमी होतं.

बाकीच्या कामांनाही हाच विचार लावा. सस्पेन्शनचं काम झालं आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय, म्हणजे अलाइनमेंट केलेलं नाही किंवा चुकलंय. रेडिएटर किंवा होज बदलल्यावर गाडी तापते, तेव्हा बऱ्याचदा कूलंट भरताना आत हवा अडकलेली असते. एसीत गॅस भरून महिनाभरात तो उडाला, तर गळती न शोधताच गॅस भरलेला असतो. ते काम पूर्ण झालं असं म्हणताच येत नाही.

न्यायानं काही गोष्टी सोडूनही द्याव्यात. नवे ब्रेक पॅड डिस्कवर बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर हलका आवाज येऊ शकतो. बॅटरी काढली असेल तर घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जातं, काही गाड्यांत काचेचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं. हे दोष नव्हेत.

घरच्या घरी काय तपासता येतं

काहीही सोडवायचं नाही, फक्त पाहायचं आणि टिपायचं. सगळ्यात आधी किलोमीटर रीडिंगचा फोटो घ्या. मग गळतीच्या जागी रात्रभर जाड पुठ्ठा घाला आणि सकाळी डागांसकट त्याचा फोटो काढा. डाग गाडीच्या नेमक्या कोणत्या भागाखाली पडले, हे त्यावरून कळतं. आवाजाचा व्हिडिओ घेताना वेग, गिअर आणि गाडी थंड होती की गरम, हे तोंडानं बोलून रेकॉर्ड करा.

ऑइल बदलल्याचं बिल असेल तर डिपस्टिक काढून पातळी बघा. गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली हवीत. पातळी खालच्या खुणेच्या खाली असणं जितकं वाईट, तितकंच वरच्या खुणेच्या बरंच वर असणंही. बिलावर लिहिलेला ऑइलचा ग्रेड मॅन्युअलशी ताडून पाहा. लिटर किती लावले तेही पाहा, कारण छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण तीन ते चार लिटर ऑइल बसतं आणि बिलात पाच लागलेले दिसले तर कारण विचारायला हवं. ऑइल फिल्टर दिसत असेल तर तो धुळीनं माखलेला आहे की नवा, हे पाहिल्याबरोबर समजतं. एअर फिल्टरचं झाकण क्लिपचं असेल तर उघडून बघायला हरकत नाही. अलॉय व्हील असतील तर आऱ्यांच्या फटीतून मोबाइलच्या उजेडात ब्रेक पॅडची जाडी दिसते.

डेंटिंग-पेंटिंगच्या कामावर मी थोडा जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण तिथे खराब काम झाकणं सर्वांत सोपं असतं. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली सगळे रंग जुळलेले दिसतात, म्हणून गाडी सकाळच्या उन्हात, धुऊन कोरडी करून पाहा. रंगवलेला भाग आणि शेजारचा भाग एकदा समोरून आणि एकदा तिरक्या कोनातून बघा. मेटॅलिक रंगात फरक असेल तर तो तिरकं पाहिल्यावरच उठून दिसतो. मग काचेच्या रबरी बीडिंगवर, दरवाजाच्या आतल्या कडेला आणि बिजागरीजवळ रंगाचे बारीक शिंतोडे आहेत का ते पाहा. असतील तर मास्किंग नीट केलेलं नाही. पॅनलमधल्या फटी बोटानं चाचपा, त्या वरपासून खालपर्यंत सारख्या हव्यात. बिलात दरवाजा किंवा फेंडर "नवीन" लावला असेल, तर मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक ठिकठिकाणी टेकवून बघा. पोलादी पत्र्यावर ते सगळीकडे सारखं चिकटलं पाहिजे, आणि मध्येच सुटत असेल तर खाली पुट्टीचा जाड थर आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांकडे असतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. नव्या म्हणून लावलेल्या पॅनलवर हा आकडा कित्येक पटींनी जास्त आला, तर जुनाच पत्रा ठोकून, पुट्टी भरून रंगवलाय.

कागद जमवा, आणि नसतील तर आता तयार करा

जॉब कार्ड (गाडी घेताना कामं लिहून देतात तो कागद), एस्टिमेट, बिल, पैसे दिल्याची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एवढं लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जॉब कार्ड बहुधा नसतंच. मग काम काय ठरलं होतं, किती पैसे दिले आणि गाडी कधी ताब्यात मिळाली, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून गॅरेजवाल्याला पाठवा. "हो दादा" एवढं उत्तर आलं तरी तो पुरावा झाला. पैसे यूपीआयनं गेले असतील तर तारखेसह नोंद आपोआप मिळते. बिल मागा. बिल द्यायला नकार देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा ठरते.

बिलात जीएसटी लावला असेल तर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवाच. महाराष्ट्रातल्या गॅरेजचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातल्याचा ३० ने. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून खरा आहे का ते मिनिटभरात बघता येतं. पार्टच्या खोक्यावर छापलेली एमआरपी सर्व करांसह असते, त्यामुळे बिलातली मूळ किंमत अधिक जीएसटी त्यापेक्षा जास्त भरत असेल तर वैधमापन विभागाकडे (वजन-मापं आणि एमआरपीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) वेगळी तक्रार करता येते.

जुने पार्ट आणि नव्या पार्टची खोकी मागून घ्या. दोन अपवाद आहेत. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे परत जातो आणि विम्याच्या क्लेममधला विमा कंपनीचा होतो. तिथे फोटो काढून समाधान मानायचं.

गॅरेजला एक संधी द्या, पण लेखी

पहिलं बोलणं समोरासमोर आणि शांतपणे करा. फोनवर नको. सर्व्हिस ॲडव्हायजरला किंवा काउंटरवरच्या माणसाला तक्रार सांगून उपयोग नसतो. ज्यानं काम केलं त्या मिस्त्रीला किंवा फोरमनला शेजारी बसवून ट्रायल घ्या आणि आवाज येतो तिथपर्यंत गाडी न्या. त्याच्या कानानं तो ऐकला की निम्मा वाद तिथेच मिटतो. बहुतेक गॅरेजवाल्यांना आपल्या कामाचं नाव खराब झालेलं नको असतं, आणि चूक दाखवून दिली तर ते पुन्हा काम करून देतात. आवाज सकाळी थंड इंजिनालाच येत असेल तर गाडी रात्रभर तिथे ठेवून द्या, आणि ठेवताना किलोमीटर व पेट्रोलच्या काट्याचा फोटो त्यांच्या समोर काढा.

गाडी पुन्हा देताना मात्र "परत आलेली तक्रार" अशी नवी नोंद करून घ्या. तोंडी दिलेली गाडी कागदावर परत आलेलीच नसते. दोनदा-तीनदा अशी नोंद झाली की तीच पुढे सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

त्यातून काही झालं नाही, किंवा टोलवाटोलवी सुरू झाली, तर पत्र द्या. मसुदा साधारण असा:

"दि. … रोजी मी माझी गाडी (क्रमांक …, किलोमीटर रीडिंग …) क्लच बदलण्यासाठी आपल्याकडे दिली. बिल क्र. …, रक्कम रु. … . दि. … रोजी गाडी ताब्यात घेतली. दि. … पासून गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूने तेलाची गळती सुरू आहे. कामापूर्वी ही गळती नव्हती. फोटो सोबत जोडले आहेत. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत माझ्या समक्ष गाडी तपासून दोष विनामूल्य दूर करून द्यावा. तसे न झाल्यास मी अन्य ठिकाणी तपासणी करून अहवाल घेईन, दुरुस्ती करून घेईन आणि झालेला खर्च वसूल करण्यासाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

पत्रात शिवीगाळ नको, "फसवणूक", "चोर" असे शब्दही नकोत. हेच पत्र पुढे आयोगाचे सदस्य वाचणार आहेत. ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पाठवा, शिवाय पोच मिळेल अशा तऱ्हेनं स्पीड पोस्टानंही पाठवा.

गाडी अडवून धरली तर

बिलावरून वाद झाला की गॅरेज किल्ली देत नाही. यात त्यांची बाजू पूर्ण चुकीची नसते. भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम १७० नुसार ज्यानं वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. मात्र हा हक्क त्याच कामापुरता असतो. मागच्या कुठल्या तरी उधारीसाठी आजची गाडी अडवता येत नाही, आणि तुम्ही न सांगितलेलं काम परस्पर करून त्याचे पैसे मागितले तर त्याला तुम्ही आव्हान देऊ शकता.

माझं मत असं की गाडी तिथे अडकवून ठेवण्यापेक्षा पैसे भरून सोडवावी, पण हरकत नोंदवून. बिलाच्या प्रतीवर "हरकत नोंदवून रक्कम अदा केली, कामातील त्रुटींबाबतचे हक्क राखून" असं लिहा, सही करा आणि तिथेच फोटो काढून त्यांना पाठवा. पैसे चेकनं किंवा यूपीआयनं द्या.

"गाडीची जबाबदारी मालकाची" अशी पाटी भिंतीवर असते, तिला घाबरू नका. त्याच कायद्याच्या कलम १५१ नुसार ताब्यात घेतलेल्या वस्तूची सामान्य शहाण्या माणसाइतकी काळजी घेणं बंधनकारक आहे. हॉटेलच्या ताब्यात दिलेली मारुती झेन चोरीला गेल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की "मालकाच्या जोखमीवर" असं छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही.

चांगली बॅटरी काढून जुनी बसवली, असा प्रकार असेल तरच पोलिसांकडे जाण्यात अर्थ आहे. निव्वळ खराब कामासाठी गेलात तर "हे दिवाणी प्रकरण आहे" असंच बहुधा ऐकायला मिळेल.

दुसरं मत: आधी अहवाल, मग दुरुस्ती

पत्रातली मुदत संपली की दुसरीकडे जा, पण पहिल्या दिवशी फक्त तपासणीसाठी. शक्यतो तुमच्या गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि तपासणीचे पैसे भरून लेखी अहवाल घ्या. अहवालात गाडीचा क्रमांक, किलोमीटर, दोष, दोषाचं संभाव्य कारण आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च हवा. "काम नीट नाही" या वाक्याचा काही उपयोग नाही. "डाव्या ड्राइव्हशाफ्टच्या ऑइल सीलची कड कापलेली, बसवताना दुमडल्याच्या खुणा" हे वाक्य उपयोगाचं. रक्कम मोठी असेल तर परवानाधारक विमा सर्व्हेअरकडून किंवा शासकीय तंत्रनिकेतनातल्या ऑटोमोबाइल विभागाच्या प्राध्यापकांकडून अहवाल घ्या. शेजारचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी पहिल्याचा स्पर्धक म्हणून त्याच्या शब्दाला वजन कमी पडतं.

उघडण्याची तारीख आणि वेळ पहिल्या गॅरेजला आधी कळवा आणि "हजर राहावे" असं लिहा. आले तर उत्तम, नाही आले तर बोलावल्याची नोंद तुमच्याकडे राहते. उघडताना सलग व्हिडिओ करा आणि काढलेला पार्ट तारीख लिहिलेल्या पिशवीत ठेवा. ती पिशवी प्रकरण मिटेपर्यंत कोणाच्याही हाती देऊ नका.

अधिकृत वर्कशॉप आणि विम्याची कामं

काम डीलरच्या वर्कशॉपमध्ये झालं असेल तर वर्क्स मॅनेजर आणि मग कार कंपनीच्या कस्टमर केअरकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. डीलर वेगळा, कंपनी वेगळी, असं सांगून तुम्हाला दोघांमध्ये फिरवलं जाईल. पुढे तक्रार करायची वेळ आली तर दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष, करा.

अपघातानंतरच्या कॅशलेस दुरुस्तीत डिलिव्हरीच्या वेळी समाधानपत्रावर सही मागतात, आणि त्यावर विमा कंपनी गॅरेजचे पैसे सोडते. संध्याकाळी सात वाजता अंधारात, घाईघाईत ही सही करू नका. गाडी दिवसा पाहायला या. सही करावीच लागली तर उरलेल्या त्रुटी त्याच कागदावर लिहा. काम अपुरं वाटत असेल तर डिलिव्हरीआधीच विमा कंपनीला पुन्हा सर्व्हे करायला सांगा. क्लेममध्ये मंजूर झालेला नवा पार्ट लागलाच नसेल, तर विमा कंपनीलाही ते ऐकण्यात रस असतो.

१९१५ आणि ग्राहक आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. तिथे तक्रार नोंदवली की ती समोरच्याकडे पाठवली जाते. मोठ्या ब्रँडची वर्कशॉप अशा तक्रारीला उत्तर देण्याची शक्यता जास्त असते. लहान गॅरेजला भाग पाडण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही, त्यामुळे तिथे अडकून वेळ घालवू नका.

कारण मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे करावी लागते. गॅरेजला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. कोल्हापूरला जाताना साताऱ्याजवळ गाडी बंद पडली आणि तिथल्या गॅरेजनं काम बिघडवलं, तरी ठाण्याच्या माणसाला ठाण्यातच दाद मागता येते. वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. टॅक्सी किंवा टेम्पो स्वतः चालवून पोट भरणाऱ्यालाही ग्राहक म्हणून येता येतं. "व्यवसायाची गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही" हे उत्तर त्याला लागू पडत नाही.

तक्रारीत घटना तारखांनुसार लिहा आणि प्रत्येक तारखेसमोर जोडपत्राचा क्रमांक द्या. मागणी रुपयांत मांडा: खराब कामाचे दिलेले पैसे किंवा दुसरीकडचा दुरुस्ती खर्च, टो व्हॅन, तपासणीची फी, गाडी बंद असताना झालेला प्रवासखर्च, मानसिक त्रासाची वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च. आठ हजारांच्या कामासाठी पाच लाखांची मागणी केली की प्रामाणिक तक्रारही खोटी वाटू लागते. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ फाइली ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका.

समोरच्याला लेखी उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे, आणि तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांचं. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे धरून चला. मध्यस्थीचा पर्याय आला तर विचार करा. दुरुस्तीचा खर्च आणि टो व्हॅनचे पैसे लगेच मिळत असतील, तर मी तो स्वीकारायला सांगेन. तडजोड मात्र आयोगासमोर लेखी होऊ द्या.

आदेश तुमच्या बाजूनं लागला आणि गॅरेजनं राज्य आयोगात अपील केलं नाही, तरी पैसे आपोआप येत नाहीत. अपिलाची ४५ दिवसांची मुदत संपली की त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद कायद्यात आहे. अंमलबजावणीच्या अर्जाची नोटीस हातात पडली की बरेच गॅरेजवाले आदेशातली रक्कम आणून भरतात.